उसातली वाघाटी

॥ जय जिनेंद्र ॥

मळा, आष्टा
१९ जानेवारी २०२५

चि. चंदना हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचे गुडघे थंडीनं धरतात, पण औषध घे म्हटलं की माझ्यावरच डाफरते, म्हणजे तब्येत चांगली आहे असं समजायचं. तुमचा साध्वींचा संघ फलटणला पोचल्याचं तुझा भाऊ भरतेश सांगत होता. चालून चालून तुझ्या टाचांना भेगा पडल्यात, हेही त्यानंच सांगितलं. तू कळवलं नसतंस. मोबाईल सोडलास तेव्हापासून या घरात पत्र लिहिणारा मी एकटाच. पोस्टातला पोरगा मला लांबून बघितलं की तिकीट काढूनच ठेवतो.

भरतेशकडून निरोप मिळाला. अक्षय्य तृतीयेला तुझी दीक्षा करायचं संघाच्या मोठ्या माताजींच्या मनात आहे, पण आई आणि वडील दोघांनी समोर येऊन तोंडानं हो म्हटल्याशिवाय त्या पुढं जाणार नाहीत. बरोबरच आहे, आपली रीतच ती. पण तुझ्या आईचं मन अजून होत नाही. आईचं काळीज आहे, तिला जरा वेळ द्यायला पाहिजे. माझं म्हणशील तर मी देवळाच्या कमिटीत बसणारा माणूस, पर्युषणात लोकांना त्यागावर चार शब्द सांगणारा. मी कशाला अडवीन? तेव्हा त्या विषयाचं सवडीनं लिहितो. आज तुला दुसरीच गंमत सांगायची आहे.

काल वरच्या पट्टीत तोड होती. टोळी बिराप्पाचीच, जतकडची, दरवर्षीची. निम्म्यापेक्षा जास्त ऊस आडवा झाला होता आणि मी बांधावर मोळ्या बघत उभा होतो. तेवढ्यात टोळीतल्या शालूबाईनं खाली वाकून पाचट बाजूला सारलं आणि कोयता तिथंच टाकून ती मागं सरकली. मग सगळी टोळीच पळत बांधावर आली. बिराप्पा एवढा धिप्पाड गडी, पण त्याचाही आवाज बसला होता. म्हणाला, "मालक, बिबट्याची पिल्लं हाईत. आई जवळच आसंल."

गेल्या दोन वर्षांत आपल्या भागात बिबट्या बघितला नाही असं सांगणारा माणूस शोधून सापडायचा नाही. कुत्रं हरवलं तरी बिबट्याच, दूध नासलं तरी बिबट्याच. मी म्हटलं, बघू तर खरं. पाचटात तीन पिल्लं होती. एका ओंजळीत तिन्ही मावतील एवढी. राखाडी अंग, त्यावर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे ठिपके, आणि डोळे नुकते उघडल्यासारखे निळसर. मी हात पुढं केला तर त्यातलं एक चार पायांवर कसंबसं उभं राहिलं आणि माझ्याकडं बघून फुस्स केलं. मी साठीचा माणूस, हातात काठी, मागं कोयतेवाली टोळी, आणि ते एवढंसं मला मागं सरकायला सांगत होतं. खरं सांगतो, मी सरकलो.

शेजारचे आप्पासो पण आले. त्यांनी लांबूनच सांगितलं, "भूपालदादा, उरलेला ऊस पेटवून द्या. आई आतच हाय. आज न्हाई पेटवलासा तर उद्या कुणाचं तरी पोर जाईल." मी म्हटलं, आत जीव आहे हे माहीत असताना काडी लावायची? माझ्या हातून व्हायचं नाही. ते चिडून गेले. मग मी वैरणीची पाटी घेतली, खाली टॉवेल अंथरला आणि तिन्ही पिल्लं घरी आणली.

आता माझ्या मनात काय आहे ते वाच आणि हसू नकोस. भरतेश आधीच हसून झालाय. ही पिल्लं आपण सांभाळायची. दुधावर, मग दूधभातावर. शिकारीची चव लागायच्या आधीच चांगल्या घरात पडलीत, वळण लागलं तर लागेल. ज्याला हिंसा म्हणजे काय हेच माहीत नाही असा बिबट्या तू कधी ऐकलायस? कुठंतरी सुरुवात व्हायला नको का? तुझ्या आईला हे सांगितलं तर ती पीठ मळता मळता म्हणाली, "आणि त्यो मोठा झाल्यावर देवळात कोण न्हेणार त्येला? तुमीच न्ह्या, साखळी लावून." पण बाईनं बोलता बोलता दूध कोमट करून दिलं. नावं मात्र ठेवायची नाहीत असं तिनं बजावलंय.

कापसाच्या वातीनं पाजतोय. दोघं तोंड फिरवतात, पण ते फुस्स करणारं थोडं थोडं ओढतं. पीत असताना त्याच्या डोक्यावरच्या रेघा हलतात. मी बघत बसलो की जेवायची वेळ टळते आणि दिवस बुडायच्या आत जेवायचं म्हणून तुझी आई तीनतीनदा हाका मारते.

तब्येतीला जप. टाचांना एरंडेल लाव, तेवढं तरी चालत असेल.

तुझे,
अण्णा


॥ जय जिनेंद्र ॥

मळा, आष्टा
२१ जानेवारी

चि. चंदना हिस,
आशीर्वाद.

परवाचं पत्र अजून तुला मिळालंही नसेल, पण इथं बरंच झालंय.

कुणीतरी पिल्लांचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी वनखात्याची मुलगी मोटारसायकलवरून दारात. रेश्मा नाव, मेढ्याकडची, वनरक्षक आहे. वय तुझ्याएवढंच असेल. मी मोठ्या ऐटीत पाटीवरचं फडकं काढलं, तर ती खाली बसली आणि हसायलाच लागली. "काका, बिबट्या न्हवं ह्यो. वाघाटी हाय."

मला आधी वाटलं, ती माझी समजूत घालतेय. पण मग तिनं सगळं नीट सांगितलं. वाघाटी म्हणजे रानमांजरांतली सगळ्यात बारकी जात. जगात हिच्याएवढं लहान रानमांजर क्वचितच. पूर्ण वाढलेली वाघाटी आपल्या घरच्या मांजरीपेक्षा लहान, उचलली तर किलो-दीड किलो भरेल. आणि एवढ्याशा अंगात वाघाचं सगळं सामान ठासून भरलेलं. दिवसभर उसात नाहीतर झाडाच्या ढोलीत झोपायचं आणि अंधार पडला की उंदीर, बेडूक, सरडे, जे मिळेल ते मारायचं. झाडावर चढायला अशी की खारीनं बघत राहावं. माणसाला दिसत नाही म्हणून लोकांना तिचं नावही ठाऊक नाही. फक्त तोडीच्या वेळी पिल्लं सापडतात, आणि दरवेळी लोक बिबट्या म्हणून ओरडतात. चंदना, आपल्या वरच्या पट्टीतली एकूण एक सरी मला तोंडपाठ आहे असं मी तुम्हाला लहानपणापासून सांगत आलोय. मग ही बाई तिथं राहत होती, बाळंत झाली, आणि मला पत्ता नाही.

तेव्हा माझ्या दूधभाती बिबट्याचं असं झालं. आणि वाईट ते पुढंच. गाईचं दूध त्यांना सोसत नाही. जे पीत होतं, त्यालाच हगवण लागली. रेश्मा माझ्यावर ओरडली नाही, पण तिचा चेहरा उतरला. म्हणाली, पिल्लं आजच्या आज होती तिथंच ठेवायची. मी म्हटलं, "आता कशाला येतीय त्येंची आई? माणसाचा हात लागलाय." तर म्हणाली, "काका, हात लागला म्हणून कुठली आई पोर टाकती का? लोक उगंच म्हणत्यात. येती ती. फक्त आपण तिथं नसाय पायजे."

मी बराच वाद घातला. थंडी आहे, कुत्री आहेत, आप्पासो आहेत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि द्राक्षांचा एक क्रेट मागितला. उरलेला उसाचा तुकडा तसाच उभा ठेवलाय. बिराप्पा टोळी घेऊन आप्पासोंच्या रानात गेला, आणि पेटवापेटवी कुणी करायची नाही असं त्यानं तिकडं बजावलंही. पिल्लं सापडली त्या जागी पाचटात क्रेट ठेवला आणि समोर काठीला एक कॅमेरा बांधला. काही हललं की तो आपोआप चालू होतो म्हणे. दिवसा रेश्मा येते, डबीतली वेगळी पावडर कालवून पिचकारीनं पाजते आणि जाते. बाकी कुणी फिरकायचं नाही.

दोन रात्री झाल्या. पिल्लं जागच्या जागी. आई आली नाही. मी म्हणालो होतोच. आजारी पिल्लू तर मान टाकून पडतंय. उद्या रेश्मा ऑफिसातून लॅपटॉप आणणार आहे, त्यावर कॅमेऱ्यातलं बघायचं. तरीही काही नसेल तर पिल्लं पुण्याकडं प्राण्यांच्या केंद्रात पाठवावी लागतील. तिथं वाढलेली पुढं रानात फारशी टिकत नाहीत, असं ती म्हणते. मी म्हटलं, मग माझ्याकडंच राहू देत, टिकतील तरी. तिनं मोटारसायकलला किक मारली.

तुझ्या विषयाचं आईपाशी अजून काढलेलं नाही. तिचा मूड बघून काढतो. माताजींना सांग, थोडं थांबा म्हणावं.

घाईत,
अण्णा


॥ जय जिनेंद्र ॥

मळा, आष्टा
२४ जानेवारी

चि. चंदना हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय. पहिले दोन कागद फाडले. दोन्हींत मी शहाण्यासारखा दिसत होतो.

परवा सकाळी रेश्मा लॅपटॉप घेऊन आली. ओट्यावर मी, तुझी आई आणि भरतेश, मधे ती. तिनं कॅमेऱ्यातलं कार्ड घातलं आणि पहिलं चित्र चालू केलं. आधी पिल्लं वळवळली. मग पाचट वाजलं. मग पडद्यावर माकडटोपी घातलेला एक म्हातारा आला आणि क्रेटपाशी उकिडवा बसला. रेश्मानं माझ्याकडं बघितलं. "काका, वाघाटी न्हाई आली. तुमी आलायसा."

भरतेश खो खो हसला. मीही हसलो, काय करणार? मी गेलो होतो, चंदना. पहिल्या दिवशी दिवस बुडताना गेलो, दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी गेलो, आणि संध्याकाळी परत गेलो. दुधाची वाटी नव्हती नेली, शपथेवर सांगतो. नुसता बघायला गेलो होतो.

पण त्या यंत्रात आवाजही येतो हे मला ठाऊक नव्हतं. मी पिल्लांशी बोलत होतो. स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता मी, एखाद्या आजारी माणसासारखा होता. म्हणत होतो, "ती काय येत न्हाई आता. हितंच ऱ्हावा. मी हाय की. काय कमी हाय हितं?" हेच, पुन्हा पुन्हा.

मग रेश्मानं चित्र थांबवलं आणि बोटानं माझ्या पाठीमागं दाखवलं. तिथं उभ्या उसाच्या कडेला, जमिनीलगत, दोन बारके दिवे होते. ते डोळे होते. तिनं पुढचं चित्र लावलं, त्यातही होते. त्याच्या पुढच्यातही. मी बसलोय, बोलतोय, आणि माझ्या मागं दोन-चार हातांच्या अंतरावर ती बसलीय, मी उठायची वाट बघत. मी उठलो की लगेच कुठंतरी कुत्रं भुंकलं, नाहीतर ट्रॅक्टर गेला, आणि ती आत गेली ती पुन्हा बाहेर आली नाही. दोन्ही दिवस ती आली होती. मी तिच्या पोरांना ती येणार नाही म्हणून सांगत होतो आणि ती माझ्या मागं ऐकत होती.

रेश्मानं लॅपटॉप मिटला. तुझी आई उठून आत जाईल असं मला वाटलं, पण ती बसूनच राहिली. रेश्मा परकी मुलगी, तिच्यासमोर ती कधी घरातलं बोलत नाही. पण बोलली. म्हणाली, "ह्यास्नी सवय हाय. पोरीलाबी आसंच धरून बसल्यात."

भरतेशला कळेना. तो म्हणाला, "आई, पण नको तूच म्हणत हुतीस न्हवं? मी फलटणला तसंच सांगून आलोय."

"मी?" ती म्हणाली. "मी दिवाळीलाच व्हय म्हटलंय. देवळात निर्वाणलाडू चढवून आलो त्या दिवशी, हितंच, ह्या ओट्यावर. इच्यार ह्येंना."

विचारायची गरज पडली नाही. माझं तोंडच सांगत होतं.

तर ते असं आहे, चंदना. तुझ्या आईनं केव्हाच हो म्हटलंय. ती रडली, दोन दिवस नीट जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तुझ्यासाठी पांढरी साडी कुठली घ्यायची हे विचारायला लागली. अडवणारा मी. देवळात मी हसत होतो, लोक "पुण्यवान बाप" म्हणून माझ्या पाया पडत होते, आणि मी प्रत्येकाला तिचं मन होत नाही म्हणून सांगत होतो. तुला पत्रात तेच लिहिलं, या दोन पत्रांतही. तिनं ते सगळं गावातून ऐकलं, आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त चार दिवसांआड म्हणायची, "पोरीला लिव्हलासा काय?" आणि मी म्हणायचो, लिहिलं.

का अडवलं, तेही लिहितो. मला त्यागाबिगाचं काही वाटत नाही, तो मला पाठ आहे. मला केशलोचाची भीती वाटते. लोक जयजयकार करत असतील आणि तू आपल्या हातानं आपला एक एक केस उपटत असशील, आणि मी पहिल्या रांगेत बसून ते बघायचं. मला तुझ्या एक वेळच्या, ओंजळीतच घ्यायच्या जेवणाची भीती वाटते. ओंजळीत एक केस निघाला तर त्या दिवशी घासही नाही, आणि तू सांगणार नाहीस की भूक लागलीय. तुला दुसरं नाव मिळेल. चंदना हे नाव मी ठेवलं होतं, तुझ्या आजीला गुणवंती पाहिजे होतं, मी भांडून ठेवलं. त्या नावानं कुणी हाक मारायची नाही मग. आणि तू या दारात येशील तेव्हा पाहुणी म्हणून नव्हे, लेक म्हणूनही नव्हे, आम्ही सगळे तुला आहाराला बोलवायला दाराबाहेर हात जोडून उभे राहू. हे मला सोसत नव्हतं. नाही सोसत.

आता वाघाटीचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही.

त्या संध्याकाळी तुझ्या आईनं मला घरात बसवलं. शब्दशः बसवलं. मधल्या खोलीत समोर पाट टाकून ती माळ घेऊन बसली, आणि मी जरा हललो की डोळे उघडून बघायची. मला झोप लागली नाही. पहाट व्हायच्या वेळी रेश्माचा फोन आला. म्हणाली, "काका, दोन न्हेली. एक ऱ्हायलंय. लांबनं बघायचं आसंल तर या. आवाज करायचा न्हाई. काकींनाबी आणा."

आम्ही दोघं विहिरीवर गेलो. तिथं रिकामी ट्रॉली उभी होती, तिच्या आडोशाला रेश्मा बसली होती. वारा आमच्याकडं येत होता, म्हणजे आमचा वास तिकडं जायचा नाही. राहिलं होतं ते तेच, मी दूध पाजलेलं. त्याच्या अंगाला माझाच वास असणार, आणि आजारी पिल्लू जनावर मागं सोडतं हे मीही ऐकलंय. पूर्वेला उजेड फुटला. बांधावर साळुंख्या आल्या. आता दिवस निघाला, आता काय येणार ती, असं मी मनात म्हणत होतो. तोंडानं म्हणायची छाती नव्हती.

आणि ती आली.

मला शब्द नाहीत, तरी सांगतो. उसाच्या कडेला काही हललं नाही. पान हललं नाही. मघाशी तिथं नुसती माती होती आणि आता मातीवर ती उभी होती. एवढीशी, चंदना. आपल्या घरच्या मनीच्या शेजारी उभी केली तर तिचं पिल्लू वाटेल. कपाळावरून मागं गेलेल्या चार रेघा, डोळ्यांच्या मधे दोन पांढऱ्या, अंगभर ते गंजाचे ठिपके, आणि डोळे चेहऱ्याच्या मानानं फार मोठे. पुढं तोडलेलं रान सगळं उघडं, खुंट आणि पाचट, लपायला काही नाही. जी जात आयुष्यात माणसाला दिसत नाही, ती दिवसाउजेडी त्या उघड्यावर चालत आली. मधे थांबली आणि तिनं सरळ ट्रॉलीकडं बघितलं. आम्ही होतो हे तिला ठाऊक होतं. मला वाटलं, वळली आता. ती बघत राहिली. मग तिनं आमच्यावरची नजर काढली आणि पुढं आली. तिच्या कामात आम्ही कुठं नव्हतो, एवढंच.

क्रेटमध्ये उतरून तिनं पिल्लू हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मी तुझ्या आईचा हात धरला होता, लग्नानंतर कधी असा चारचौघांत धरला नसेल. मग वाघाटी चाटायला लागली. डोकं, पाठ, पोट, सगळं. माझा सगळा वास तिनं चाटून काढला. पिल्लू ओरडत होतं, पण आता त्याच्या ओरडण्यात जोर होता. तिनं मानेला धरून उचललं आणि निघाली. उघड्या रानातून, मान वर करून, कारण पिल्लू खाली खुंटांना लागत होतं. ओढ्यावरच्या जुन्या चिंचेपाशी पोचली, आणि तोंडात पिल्लू घेऊन सरळ बुंध्यावर चढली. वर ढोली आहे तिथं शेपटीचं टोक दिसलं. मग काहीच दिसलं नाही.

तुझ्या आईनं हात जोडले. मीही जोडले. ती मांस खाणारी, उंदीर मारणारी, आपल्या शास्त्राप्रमाणं तिर्यंच गतीतला, मुक्या जनावराच्या जन्मातला जीव, तिला हात जोडावेत का हे तू माताजींना विचार. मी विचार न करता जोडले.

परत येताना रेश्मा सांगत होती की ही पिल्लं वर्षाच्या आत आपापल्या वाटेनं जातील. कुठं जातात ते कुणी बघितलेलं नाही. मी तिला विचारलं, ही इथं कधीपासून असेल? ती म्हणाली, "काका, तुमच्या आधीपासनंच आसंल तिची जात हितं." मी वडिलांपासून हे रान कसतोय. माझं माझं म्हणून त्याचा बांध न् बांध कोरलाय. ती त्यातच राहिली, त्यातच जगली, आणि तिला माझं काही लागलं नाही. दूध लागलं नाही, दयाही लागली नाही. मी फक्त वाटेतून उठायला पाहिजे होतं.

मला त्या ट्रॉलीमागं तुझी फार आठवण झाली. रागही आला नाही, दुःखही नाही. तू माझ्या घरात वाढलीस, माझ्या ताटात जेवलीस, आणि त्याच वेळी कुठल्यातरी वाटेनं चालत होतीस, ती मला दिसली नाही. मला वाटायचं, कुणाच्या तरी बोलण्यानं तू भुललीस. आता तसं वाटत नाही. कुणाच्या बोलण्यानं कुणी असं उघड्या रानातून चालत येत नाही. तू तीन वर्षं अनवाणी चालतेयस आणि एकदाही परत येऊ का म्हणून विचारलेलं नाहीस. हे मी आधी कधी नीट बघितलंच नव्हतं. बघितलं तेव्हा छाती भरून आली, आणि थोडी भीतीही वाटली, मोठ्या गोष्टीची वाटते तशी.

तर चंदना, माझं हो आहे.

रविवारी आम्ही दोघं फलटणला येतोय. माताजींसमोर तुझी आई आधी बोलेल, कारण तिचं हो जुनं आहे. मग मी बोलेन. उशीर कुणामुळं झाला हेही मीच सांगेन, तू काही सांगू नकोस. तुझ्या आईची मी काल माफी मागितली. ती म्हणाली, "बास झालं, आता जेवा." तुझी माफी समोर मागतो. बिराप्पा उरलेला तुकडा आज तोडतोय, आणि ओढ्याच्या बाजूला कुणी जायचं नाही असं त्यानं टोळीला सांगितलंय.

एक राहिलं. तुला जन्मापासून मी आशीर्वाद देत आलोय. पत्राच्या वर लिहितो ते, परीक्षेला जाताना द्यायचो ते, न बोलता मनात दिलेले. दीक्षा झाल्यावर ते मला देता येणार नाहीत. तू उभी असशील आणि वाकायचं मी. मी वाकेन, नीट वाकेन, काळजी करू नकोस. पण म्हणून माझ्याकडं जेवढे उरलेत तेवढे सगळे आजच या कागदावर देऊन टाकतो. मागं काही ठेवत नाही.

अक्षय्य तृतीयेपर्यंत तुझा बाप,
अण्णा